कापरेकरांचे चार अंक आणि सीमधला फंक्शन पॉइंटर

सीच्या प्रॅक्टिकलच्या वहीत दोन प्रोग्रॅम हमखास सापडतात. पहिला: ॲरेमधल्या संख्या चढत्या क्रमाने लावा. दुसरा: ॲरेमधल्या संख्या उतरत्या क्रमाने लावा. दोन्हींच्या ओळी जवळपास सारख्या. फरक एका चिन्हाचा, ‘पेक्षा मोठा’च्या जागी ‘पेक्षा लहान’. तरी प्रोग्रॅम दोन, आउटपुट दोन आणि सह्याही दोन. पुढे कधीतरी फंक्शन पॉइंटर येतो. त्याची व्याख्या पाठ होते, तोंडी परीक्षेत म्हणून दाखवली जाते, आणि त्या दोन जुळ्या प्रोग्रॅमशी तिचा काही संबंध आहे हे बहुतेकांना शेवटपर्यंत कळत नाही.

शिराळा-इस्लामपूर भागातून पेटची किंवा सेट-नेटची तयारी करणारे बरेच जण विचारतात, ‘आम्ही फिजिक्स-केमिस्ट्रीवाले. पुढे पायथनच वापरणार. मग हे ॲरे आणि पॉइंटर कशाला?’ प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मला व्याख्येपेक्षा इतिहासात जास्त नीट सापडतं. फंक्शन पॉइंटर ही कुणा हुशार माणसाची करामत नव्हती. गणित करणाऱ्यांची एक जुनी अडचण होती: पद्धत एकदाच लिहायची आहे, पण तिच्यातला एक निर्णय मोकळा ठेवायचा आहे, तर तो कसा ठेवायचा? त्या अडचणीवरची ही सोय आहे. तिची गोष्ट सांगायला मी उदाहरण घेतोय ते देवळालीच्या एका शाळामास्तरांचं.

देवळालीचे मास्तर

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५चा, डहाणूचा. शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात. १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळालं, १९२९ साली ते पदवीधर झाले. पुढची पदवी त्यांनी घेतली नाही. नाशिकजवळच्या देवळालीत त्यांनी आयुष्यभर शाळेत शिकवलं आणि उरलेल्या वेळात आकड्यांशी खेळत राहिले. अनेक पुस्तिका त्यांनी स्वतःच छापल्या. व्यावसायिक गणितज्ञांपैकी अनेकांना हे काम किरकोळ वाटायचं.

१९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी एक गोष्ट मांडली. १९५५ साली ती ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’ या नियतकालिकात छापून आली. गोष्ट चौथीतल्या मुलालाही करता येईल अशी आहे. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावून एक संख्या करा, चढत्या क्रमाने लावून दुसरी. मोठीतून लहान वजा करा. येईल त्या संख्येवर पुन्हा तेच.

३५२४ घेऊ. ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. आता ६१७४वर तेच करा: ७६४१ वजा १४६७, पुन्हा ६१७४. इथे गाडी थांबते. कुठल्याही संख्येपासून निघा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ला पोचता.

मार्च १९७५मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात कापरेकरांबद्दल लिहिलं आणि जगभर हे नाव झालं. तोवर ते निवृत्त झाले होते. १९८६ साली देवळालीतच ते गेले.

आता ही कृती प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या नजरेने बघा. एकच काम, अंक क्रमाने लावणं, दर पायरीला दोनदा करायचं आहे आणि दोन्ही वेळा उलट क्रमाने. म्हणजे प्रॅक्टिकलच्या वहीतले ते दोन जुळे प्रोग्रॅम इथे एकाच कामात एकत्र आले. पण आधी अंक कुठे ठेवायचे ते ठरवू.

शून्य हरवू नये म्हणून ॲरे

२१११ घ्या. २१११ वजा १११२ म्हणजे ९९९. मग? तुम्ही ती तीन अंकी संख्या धरलीत तर ९९९ वजा ९९९ म्हणजे शून्य, आणि खेळ संपला. कापरेकरांच्या नियमात ती ०९९९ आहे. पुढे ९९९० वजा ०९९९ म्हणजे ८९९१, मग ८०८२, मग ८५३२, मग ६१७४. पाच पायऱ्यांत पोचलो.

बहुतेक नवशिक्यांचा प्रोग्रॅम इथेच अडकतो. संख्या इंटमध्ये ठेवली की ०९९९ आणि ९९९ यांत फरकच उरत नाही. ‘संख्या शून्य होईपर्यंत दहाने भागत जा’ असा लूप लावला तर तीनच अंक हाताला येतात. त्याऐवजी चार घरांचा ॲरे घ्या आणि लूप मोजून चार वेळा फिरवा. चौथ्या घरात शून्य बसतो, हरवत नाही. म्हणून ॲरे. ‘अनेक किमती एका नावाखाली ठेवायला’ ही पुस्तकातली व्याख्या बरोबरच आहे, पण इथे त्याहून नेमकी गरज आहे: किंमत एक गोष्ट आणि तिची घरं दुसरी, आणि आपल्याला घरं हवी आहेत.

सीमधल्या ॲरेचा स्वभाव समजायला थोडं मागे जावं लागतं. १९६०च्या दशकात केंब्रिजच्या मार्टिन रिचर्ड्स यांनी बीसीपीएल ही भाषा केली. तिच्यावरून बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन यांनी बी केली. या दोन्ही भाषांत इंट, कॅरॅक्टर असे प्रकार नव्हते. मेमरी म्हणजे एकसारख्या घरांची लांबलचक रांग, प्रत्येक घराला क्रमांक, बस्स. बीमध्ये दहा घरांचा ॲरे मागितला की अकरा घरं जायची. दहा माहितीसाठी, आणि एक वेगळं घर, ज्यात त्या दहांतल्या पहिल्याचा पत्ता लिहिलेला असे.

डेनिस रिची १९७१च्या सुमारास बीमधून सी घडवत होते तेव्हा एक व्यावहारिक पेच आला. युनिक्समधल्या डिरेक्टरीच्या नोंदीत फाइलचा क्रमांक आणि चौदा अक्षरांचं नाव असायचं, एकाला एक लागून. डिस्कवर जशी नोंद आहे तशीच ती मेमरीत हवी होती. नाव म्हणजे चौदा घरांचा ॲरे. मग त्या पत्त्याच्या जादा घराला जागा कुठली? रिचींनी ते घरच काढून टाकलं. त्यांनी नियम केला की ॲरेचं नाव एक्स्प्रेशनमध्ये आलं की तिथल्या तिथे त्याचा अर्थ ‘पहिल्या घराचा पत्ता’ असा घ्यायचा. पत्ता साठवायचा नाही, लागेल तेव्हा काढायचा.

इंडेक्स शून्यापासून का, याचं उत्तरही यातच आहे. इंडेक्स म्हणजे पहिल्या घरापासून किती घरं पुढे जायचं. पहिल्या घरासाठी शून्य घरं पुढे.

या नियमाची किंमत आपण आजही मोजतो, आणि ती शिराळ्याच्या माणसाला चटकन कळेल. आपल्या गावाला लोक ‘बत्तीस शिराळा’ म्हणतात. पूर्वी हे बत्तीस खेड्यांचं मुख्य ठिकाण होतं म्हणून हे नाव पडलं, असं सांगतात. बत्तीस घरांचा ॲरे आहे आणि त्याचं नाव शिराळा, असं धरा. तो ॲरे तुम्ही एखाद्या फंक्शनला दिला की फंक्शनला फक्त शिराळ्याचा पत्ता मिळतो. ‘बत्तीस’ मागेच राहतं. ते वेगळं पॅरामीटर म्हणून सांगावं लागतं. सरकारी कागदावर तालुका नुसता ‘शिराळा’ आहे, त्यावरून किती गावं ते कळत नाही, तसंच. आणि आज तालुक्यात बत्तीसपेक्षा कितीतरी जास्त गावं आहेत. म्हणजे जुना आकडा धरून बसलात तर काही गावं मोजायची राहतील. प्रोग्रॅममध्ये बहुधा उलटं होतं: घरं कमी असतात, आकडा जास्त दिला जातो, आणि फंक्शन शेजारच्याच्या मेमरीत शिरतं. सी त्याला अडवत नाही. फंक्शनच्या आत साइझऑफ लावून ॲरेची लांबी काढायला गेलं की चुकीचं उत्तर येतं, कारण तिथे ॲरे नसतोच, नुसता पत्ता असतो.

एक निर्णय मोकळा ठेवणं

आता क्रमाकडे येऊ. घरं लावायची रीत एकच आहे. ‘दोघांपैकी आधी कोण?’ एवढ्या एका प्रश्नाचं उत्तर बदलतं. तो प्रश्न बाहेरून आलेल्या फंक्शनला विचारता आला तर दुसरा प्रोग्रॅम लिहायची गरज नाही.

ही गरज सीपेक्षा खूप जुनी आहे. ६ मे १९४९ रोजी केंब्रिजमध्ये एडसॅक या संगणकाने पहिला प्रोग्रॅम चालवला. कापरेकरांनी मद्रासला आपली संख्या मांडली तेच हे वर्ष. एडसॅक शास्त्रज्ञांच्या रोजच्या कामासाठी होता आणि डिफरन्शिअल इक्वेशन सोडवणं हे त्यातलं नेहमीचं काम. सोडवायची पायरी-पायरीची रीत सगळ्यांची सारखी, पण समीकरण प्रत्येकाचं वेगळं. मॉरिस विल्क्स, डेव्हिड व्हीलर आणि स्टॅनली गिल यांनी प्रोग्रॅमिंगवरचं आपलं पुस्तक १९५१ साली काढलं. त्यातल्या लायब्ररीत यासाठी सोय होती. सोडवणारा सबरुटीन तयार मिळायचा, आणि वापरणाऱ्याने समीकरणाची उजवी बाजू काढणारा छोटा सहायक सबरुटीन स्वतः लिहून जोडायचा. मोठा सबरुटीन मध्येच त्या छोट्याला हाक मारी, उत्तर घेई, पुढे जाई.

फंक्शन पॉइंटरची मूळ कल्पना ही एवढीच. पुढे फोरट्रानमध्येही एका फंक्शनला दुसरं फंक्शन द्यायची सोय आली. विज्ञानाच्या माणसांना इंटिग्रेशन आणि मुळं काढणं यांसाठी ती लागायचीच.

सीमध्ये रिचींनी ॲरेला लावलेलाच नियम फंक्शनला लावला. फंक्शनच्या नावापुढे कंस देऊन त्याला हाक मारली नाही तर नुसत्या नावाचा अर्थ त्या फंक्शनचा पत्ता. पत्ता आहे म्हणजे तो व्हेरिएबलमध्ये ठेवता येतो, दुसऱ्या फंक्शनला देता येतो, आणि असे पत्ते ॲरेतही ठेवता येतात.

१९७८ साली ब्रायन कर्निहन आणि रिची यांचं सीवरचं पुस्तक आलं. त्यात फंक्शन पॉइंटर शिकवायला घेतलेलं उदाहरण सॉर्टिंगचंच आहे. मजकुराच्या ओळी क्रमाने लावायच्या. कधी अक्षरांच्या क्रमाने, कधी अंकांच्या. अक्षरांच्या क्रमाने ‘१०’ ही ओळ ‘९’च्या आधी येते, अंकांच्या क्रमाने नंतर. सॉर्ट एकच, तुलना करणारी फंक्शनं दोन, आणि कुठलं घ्यायचं ते प्रोग्रॅम चालवणारा ठरवणार. १९८८च्या दुसऱ्या आवृत्तीत सॉर्टची आतली रीत बदलून क्विकसॉर्ट घेतली. क्विकसॉर्ट ही टोनी होअर यांची, १९६१ साली प्रसिद्ध झालेली. आतली रीत बदलली, तरी तुलना बाहेरून देण्याची मांडणी तीच राहिली.

मग हा विषय एवढा भयंकर का वाटतो? बराचसा दोष लिहिण्याच्या पद्धतीचा आहे. सीमध्ये एखादी गोष्ट जशी वापरायची तशीच ती जाहीर करायची, असं धोरण आहे. पण स्टारचं चिन्ह नावाच्या आधी येतं आणि फंक्शनचे कंस नावाच्या नंतर. दोघांत कंसांचा जोर जास्त. म्हणून ‘इंट देणाऱ्या फंक्शनचा पॉइंटर’ असं सांगायला स्टार आणि नाव मिळून एका वेगळ्या कंसात घालावं लागतं. तो कंस विसरलात की अर्थ बदलून ‘पॉइंटर परत देणारं फंक्शन’ असा होतो. बेल लॅब्जमधल्याच रवी सेठी यांनी दाखवून दिलं होतं की स्टार नावाच्या नंतर लिहिला असता तर असली पुष्कळ गुंतागुंत टळली असती. सीचा इतिहास सांगताना १९९३ साली रिचींनी स्वतःच हे नोंदवलंय, आणि तोवर बदलायला उशीर झाला होता हेही. तेव्हा पुढच्या वेळी त्या कंसांनी डोकं फिरलं तर दोष तुमच्या बुद्धीला देऊ नका.

नागपूरमार्गे आपल्याकडे

महाराष्ट्रात गणनयंत्रं आली ती मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत. आर. नरसिंहन आणि सहकाऱ्यांनी तिथे बांधलेला टिफ्रॅक १९६० साली सुरू झाला. १९६४ साली सीडीसी ३६०० आला आणि देशभरातल्या शास्त्रज्ञांना फोरट्रानमध्ये गणितं करून घेता येऊ लागली. शिवाजी विद्यापीठाची स्थापना याच काळातली, १९६२ची. पण महाविद्यालयाच्या लॅबमध्ये विद्यार्थ्याच्या हाताखाली संगणक यायला आणखी बराच काळ जावा लागला.

तो आला तोपर्यंत १९८७चं बोरलँडचं टर्बो सी निघालं होतं, आणि नागपूरच्या यशवंत कानेटकर यांचं ‘लेट अस सी’ महाराष्ट्रातच काय, देशभर सीचं पहिलं पुस्तक होऊन बसलं. निळा स्क्रीन आणि हे पुस्तक, एवढ्यावर कित्येक पिढ्या शिकल्या. सोप्या इंग्रजीत, गप्पा मारल्यासारखं लिहिलेलं पुस्तक छोट्या गावातल्या विद्यार्थ्यालाही जवळचं वाटायचं.

या प्रवासात एक बदल मात्र झाला. कर्निहन-रिचींच्या पुस्तकात फंक्शन पॉइंटर पॉइंटरच्या प्रकरणातच, एका गरजेतून येतो. ‘लेट अस सी’च्या जुन्या आवृत्त्यांत तो बराच पुढे, ‘मिसलेनियस फीचर्स’ या प्रकरणात, एनम आणि बिटफिल्डच्या शेजारी बसतो. अभ्यासक्रमांतही त्याची जागा अशीच शेवटाकडची. शेवटचं युनिट घाईत उरकलं जातं हे वेगळं सांगायला नको. सॉर्टिंग पहिल्या सत्रात आणि फंक्शन पॉइंटर शेवटच्या आठवड्यात, अशी दोघांची ताटातूट झाली. त्यामुळे एक जण दोन जुळे प्रोग्रॅम होऊन राहिला आणि दुसरा पाठ करायची व्याख्या.

टर्बो सीची आणखी एक खूण आजच्या सवयींत उरलीय. त्यात इंट १६ बिटचा होता, म्हणजे ३२७६७ ही शेवटची संख्या. कापरेकरांची कृती पाच अंकांवर करायची तर ती संख्या इंटमध्ये मावायचीच नाही, लाँग घ्यावा लागे. तुलना करणाऱ्या फंक्शनमध्ये ‘पहिला वजा दुसरा’ परत द्यायची सवयही अशीच धोक्याची. अंक ० ते ९ असतील तोवर ठीक. पण १६ बिटांत ३०००० वजा उणे १०००० केलं तर ४०००० येण्याऐवजी उणे २५५३६ येतं, आणि मोठी संख्या लहान ठरते. आजचा इंट ३२ बिटचा असल्याने हा खड्डा लांब गेलाय, बुजलेला नाही. वजाबाकीऐवजी सरळ तुलना करून उणे एक, शून्य किंवा एक द्या.

दोन घरांचा ॲरे

आता सगळं एकत्र जोडू. चार अंकांसाठी चार घरांचा ॲरे. दोन छोटी फंक्शनं: एक म्हणतं ‘लहान आधी’, दुसरं म्हणतं ‘मोठा आधी’. या दोन फंक्शनांचे पत्ते दोन घरांच्या ॲरेत. घर शून्यात चढता क्रम, घर एकमध्ये उतरता. लूप दोनदा फिरवा. दर फेरीत अंकांची नवी प्रत घ्या, ती सीच्या तयार क्यूसॉर्टला द्या, आणि तुलनेच्या जागी त्या त्या घरातला पत्ता द्या. आलेल्या दोन रांगांच्या संख्या करा, वजाबाकी करा, ६१७४ येईपर्यंत चालू ठेवा. चारही अंक सारखे असतील तर सुरुवातीलाच थांबवा, नाहीतर लूप शून्यावर फिरत राहील.

क्यूसॉर्टला चार गोष्टी सांगाव्या लागतात: ॲरेचा पत्ता, किती घरं, एक घर केवढं, आणि तुलना करणारं फंक्शन. वरचा सगळा इतिहास या चार पॅरामीटरमध्ये आहे. पत्ता जातो पण ‘बत्तीस’ जात नाही, म्हणून दुसरं. क्यूसॉर्टला घरात काय आहे ते माहीत नाही, म्हणून तिसरं. आणि आधी कोण, तो निर्णय आपला, म्हणून चौथं.

तयार फंक्शन म्हणजे डोळे झाकून विश्वास, असं मात्र नाही. १९९१ साली बेल लॅब्जमध्येच दोन संशोधकांच्या लक्षात आलं की काही मिनिटांत व्हायचं क्यूसॉर्टचं काम तासन्‌तास चाललंय. कारण शोधताना कळलं की आधी चढत जाऊन मग तशीच उतरणारी रांग दिली, की त्या जुन्या क्यूसॉर्टमध्ये तुलनांची संख्या घरांच्या वर्गाच्या पटीत वाढायची. जॉन बेंटली आणि डग्लस मॅक्इलरॉय यांनी ते फंक्शन नव्याने लिहिलं आणि १९९३ साली त्यावर पेपर प्रसिद्ध केला. तो पेपर संशोधनाचा नमुना म्हणून जरूर वाचा. वीस-एक वर्षं वापरात असलेल्या गोष्टीवर शंका घ्यायची, तिला नेमका अवघड पडणारा ॲरे शोधायचा, आणि मग सुधारायचं.

आणि पायथनवाल्यांसाठी: सायपायमध्ये इंटिग्रेशनला तुम्ही आपलं फंक्शन देता तेव्हा एडसॅकच्या वापरकर्त्याचंच काम करत असता. नम्पायमध्ये दोन ॲरेंची बेरीज करता तेव्हा आत सीमध्ये फंक्शन पॉइंटरांचा एक ॲरेच असतो, प्रत्येक डेटाटाइपसाठी वेगळं घर. आपण न शिकलेली गोष्ट आपण रोज वापरतो.

प्रोग्रॅम संपतो तिथे

हा प्रोग्रॅम ०००० ते ९९९९वर चालवला तर सारख्या अंकांच्या दहा संख्या सोडून बाकीच्या ९९९० संख्या ६१७४ला पोचतात. क्षणात उत्तर. पण संशोधनाची तयारी करणाऱ्याने इथे थांबू नये. विचारावं, एवढ्या सगळ्या तपासायची गरज होती का?

उतरत्या क्रमातले अंक क, ख, ग, घ धरा. वजाबाकीत हजाराच्या घरातला फरक क वजा घ, शंभराच्या घरातला ख वजा ग, आणि दशम-एककात तेच उलट. म्हणजे उत्तर नेहमी ९९९ गुणिले (क वजा घ) अधिक ९० गुणिले (ख वजा ग). पहिला फरक १ ते ९, दुसरा शून्यापासून पहिल्या फरकापर्यंत. अशा जोड्या किती? २ अधिक ३ अधिक ४ असं १०पर्यंत, म्हणजे ५४. पहिल्या पायरीनंतर ९९९० संख्यांच्या फक्त ५४ उरतात! चोपन्न संख्या वहीच्या एका पानावर तपासता येतात. आणि ६१७४ स्वतः बघा: ७ वजा १ म्हणजे ६, ६ वजा ४ म्हणजे २, ९९९ गुणिले ६ अधिक ९० गुणिले २, बरोबर ६१७४.

१९४९ साली देवळालीत संगणक नव्हता, देशातच जवळपास नव्हता. या प्रश्नाला तो लागतही नव्हता. संगणकाने सांगितलं की सगळ्या संख्या पोचतात. ५४ या आकड्याने सांगितलं की प्रश्न मुळात केवढा होता. पहिलं उत्तर प्रॅक्टिकलला पुरतं. मार्गदर्शकासमोर बसाल तेव्हा दुसरं लागेल.

करून बघायला तीन गोष्टी देतो.

एक: घरांची संख्या पॅरामीटर करा आणि तोच प्रोग्रॅम दोन, तीन, पाच अंकांवर चालवा. तीन अंकांत ४९५ मिळेल. दोन अंकांत एकच संख्या मिळत नाही; ०९, ८१, ६३, २७, ४५ असं पाच संख्यांचं चक्र मिळतं. पाच अंकांतही थांबणारी संख्या नाही, फक्त चक्रं आहेत. म्हणजे ‘अमुक संख्या येईपर्यंत’ ही थांबायची अट चालणार नाही; आधी येऊन गेलेल्या संख्या एका ॲरेत खुणावून ठेवाव्या लागतील.

दोन: फंक्शन पॉइंटरांच्या ॲरेत तिसरं घर घाला: सम अंक आधी, विषम नंतर, आणि दोन्ही गट आपापल्यात चढत्या क्रमाने. सॉर्टच्या एका ओळीलाही हात न लावता ते चालतंय का बघा. लावावा लागला, तर निर्णय अजून पुरता मोकळा झालेला नाही.

तीन: तुमच्या स्वतःच्या विषयातली एक पद्धत घ्या. टायट्रेशनचा हिशेब असो, स्पेक्ट्रमची बेसलाइन असो की लोकसंख्येचं मॉडेल. कागदावर दोन रकाने करा: काय कायम राहतं आणि काय बदलतं. बदलणाऱ्या रकान्यातली एकच ओळ निवडा आणि ती बाहेरून देता येईल असा प्रोग्रॅम लिहा. पीएचडीच्या प्रस्तावात ‘मेथडॉलॉजी’ या मथळ्याखाली जे लिहायचं असतं ते बरंचसं हेच असतं: काय स्थिर धरलं, काय मोकळं ठेवलं, आणि का.